उचलणे सोपे, धरून ठेवणे महत्त्वाचे : घरच्या गॅरेजसाठी बाइक लिफ्ट

मोटरसायकलची निम्मी कामे गुडघ्याच्या खाली असतात. चेन, मागचा ॲक्सल, ऑइलचा ड्रेन बोल्ट, ब्रेक पॅड, सायलेन्सरचे नट यांपैकी काहीच उभ्याने हाताला येत नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी आधी रॅम्पवर चढते आणि मगच मेकॅनिक पाना हातात घेतो. घरी काम करणारा मात्र पाटावर किंवा उलट्या बादलीवर बसतो, मान वाकडी करून इंजिनाखाली बघतो आणि तासाभराने कंबर धरून उठतो. स्वतःची गाडी स्वतः उघडणाऱ्याच्या मनात कधी ना कधी लिफ्टचा विचार येतोच.

बाजारात चौकशी केली की विक्रेता पहिली गोष्ट सांगतो ती क्षमता : ३०० किलो, ४५० किलो, ६८० किलो. घेणाराही त्याच आकड्याला भुलतो. पण गाडी वर नेणे हे लिफ्टचे सोपे काम आहे. ती वर गेल्यावर दोन तास, कधी इंजिन अर्धे उघडे ठेवून दोन आठवडे, तसूभरही न हलता तिला धरून ठेवणे हे अवघड काम. लिफ्ट निवडताना पैसा आणि लक्ष या दुसऱ्या कामावर खर्च करायला हवे.

आधी गरज तपासा

चेन साफ करून तेल लावायचे, ऑइल बदलायचे, महिन्यातून एकदा गाडी धुवायची, एवढेच काम असेल तर लिफ्ट लागत नाही. गाडीला डबल स्टँड असेल तर तो पुरतो. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांना डबल स्टँड नसतो, तिथे स्विंगआर्मखाली लागणारा पॅडॉक स्टँड घ्यावा. तो भिंतीला टांगून ठेवता येतो आणि लिफ्टच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात मिळतो.

दुसरा पर्याय म्हणजे इंजिनाखाली सरकवायचा छोटा सिझर जॅक. तो गाडीची दोन्ही चाके जमिनीपासून सुटतील इतपत उचलतो. मात्र हा जॅक घेण्याआधी आपल्या गाडीखाली वाकून बघायला हवे. हिरो स्प्लेंडर किंवा रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टरच्या डबल क्रेडल फ्रेमच्या नळ्या इंजिनाखालून जातात, त्यांच्यावर जॅक टेकवता येतो. जिथे इंजिन फ्रेमला खालून उघडेच टांगलेले असते, तिथे जॅक थेट ॲल्युमिनियमच्या संपवर, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलपात्रावर, किंवा सायलेन्सरवर येतो. संपला तडा गेला तर वाचवलेले पैसे कितीतरी पटीने परत जातात.

टायर-ट्यूब, क्लच, हेड, फोर्कचे ऑइल सील ही कामे घरी करायची असतील, जुनी जावा, येझदी, लॅम्ब्रेटा किंवा राजदूत पुन्हा उभी करायची असेल, किंवा गुडघे-कंबर आता जमिनीवर बसू देत नसतील, तर पूर्ण प्लॅटफॉर्मची लिफ्ट घेण्यात अर्थ आहे. पुढचे सारे विवेचन अशा लिफ्टचे आहे.

तेल कसे उचलते

बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो आहे. इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली याच नियमावर हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. आजची बाइक लिफ्ट याच घराण्यातली : बारीक दट्ट्याने तेल ढकलायचे आणि जाड सिलिंडरने वजन उचलायचे.

बहुतेक लिफ्टचे पाय कात्रीसारखे एकमेकांना छेदतात. या रचनेची एक खोड लक्षात ठेवावी. प्लॅटफॉर्म अगदी खाली असताना पाय जवळजवळ आडवे असतात आणि तेव्हाच सर्वांत जास्त जोर लागतो. पाय जमिनीशी ४५ अंशांत असताना आडव्या सिलिंडरला जवळपास उचलायच्या वजनाइतकाच जोर द्यावा लागतो. तेच पाय १५ अंशांवर असताना हा जोर वजनाच्या पावणेचार पट होतो आणि १० अंशांवर साडेपाच पटीच्या पुढे जातो. सिलिंडर तिरपा बसवून उत्पादक हा फरक कमी करतात, पण तो पूर्ण जात नाही. म्हणून ‘जमिनीला टेकेल इतकी खाली जाणारी’ स्वस्त लिफ्ट पहिल्या काही इंचांत कुरकुरते. ओझ्यासह चाचणी करताना वरची उंची बघण्याआधी ही सुरुवात बघावी.

पायाने चालवायच्या पंपाचा हिशेब घालून पाहू. गाडी २०० किलोची आणि प्लॅटफॉर्म ८० किलोचा धरला तर १५ अंशांवर सिलिंडरला साधारण १,०४० किलोचा जोर लावावा लागेल. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५३ किलोच्या आसपास जातो. पंपाचा दट्ट्या १६ मिलिमीटरचा असेल तर त्याच्यावर सुमारे १०६ किलोचा भार येतो आणि पेडलची तरफ पाच पट असेल तर पायाला २१ किलो जाणवतात. हे कुणालाही झेपते. पण एका दाबाला जेमतेम सहा घन सेंटिमीटर तेल सरकते. सिलिंडरचा दांडा २५ सेंटिमीटर बाहेर काढायला ४९० घन सेंटिमीटर तेल लागते, म्हणजे पेडल सुमारे ८० वेळा मारायचे. कमी दाबांत वर जाणारा पंप म्हणजे जड पेडल आणि हलके पेडल म्हणजे जास्त दाब, यातून सुटका नाही. घरच्या कामाला, जिथे गाडी महिन्यातून दोनदा चढते, तिथे ८० दाब ही तक्रारीची गोष्ट नव्हे.

घरी आधीच कॉम्प्रेसर असेल तर हवेवर चालणाऱ्या पंपाची लिफ्ट सोयीची पडते. तिला साधारण ६ ते ८ बार, म्हणजे ९० ते १२० पीएसआय हवा लागते. यात दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत होते. एकात हवा फक्त पंप चालवते आणि भार तेलावरच राहतो. दुसऱ्यात रबराची पिशवी किंवा सिलिंडर थेट हवेने फुगतो. हवा दाबली की आकसते, तेल जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पिशवीवरची गाडी, लॉक लावेपर्यंत, पाना ओढला की डुलते. घरासाठी पहिला प्रकार बरा.

तिसरी लिफ्ट विजेवर चालणारी. सर्व्हिस सेंटरसाठी बनवलेल्या काही लिफ्टना ४१५ व्होल्टची थ्री फेज जोडणी लागते, ती घरात नसते. २३० व्होल्ट सिंगल फेजची मोटर आहे ना, हे ऑर्डर देण्याआधी विचारावे. तिच्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट, खात्रीचे अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गाडी वर असताना वीज गेली तर ती हाताने खाली आणण्याचा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती जमिनीलगत साचते. लिफ्टची मोटर आणि स्विचही बहुधा तिथेच असतात. टाकी किंवा कार्ब्युरेटर उघडायचा असेल तर दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मोटरचा प्लग काढून ठेवावा.

लॉक : लिफ्टचा खरा भाग

तेलाच्या सिलिंडरमध्ये रबराची सील असते. ती झिजते, कडक होते, तिच्यात कण अडकतो. व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा बसला तरी तेल हळूहळू मागे सरकते. नवी लिफ्टही रात्रभरात सेंटिमीटरभर उतरू शकते. म्हणून उचलण्याचे काम तेलाचे आणि धरण्याचे काम लोखंडी लॉकचे, ही विभागणी जिच्यात स्पष्ट आहे तीच लिफ्ट घ्यावी.

लॉकचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला सर्वांत साधा : पायांच्या भोकांतून हाताने पिन घालायची. तो स्वस्त आणि भक्कम असतो, पण पिन घालायला माणसाला उचललेल्या प्लॅटफॉर्मखाली हात न्यावा लागतो आणि आळसाने ती घातलीच जात नाही. दुसऱ्यात पायाच्या तळाशी आडवा दांडा खाचेत पडतो. तिसऱ्यात दातेरी पट्टी असते. प्लॅटफॉर्म वर जाताना खटका एकेका दातावर आपोआप बसत जातो आणि खाली येताना तो मुद्दाम सोडवावा लागतो. माणूस विसरला तरी खटका विसरत नाही, म्हणून घरासाठी हा तिसरा प्रकार सर्वांत चांगला.

प्रकार कुठलाही असो, तीन प्रश्न विचारावेत. लॉक बसला की नाही हे उभ्याने दिसते का? तुम्हाला हव्या त्या उंचीला लॉक आहे का? निदान स्टुलावर बसून काम करण्याची एक आणि उभ्याने करण्याची एक, अशा दोन जागा हव्यातच. आणि लॉक दोन्ही बाजूंच्या पायांवर बसतो की एकाच? एकाच बाजूला धरलेली लिफ्ट भार आला की पिळवटते.

लॉक वापरण्याचीही रीत आहे. हव्या उंचीपेक्षा थोडे वर न्यायचे, मग तेलाचा दाब सोडून प्लॅटफॉर्म लॉकवर बसवायचा. भार लोखंडावर आला, आता तेल गळले तरी चिंता नाही. उतरवताना आधी इंचभर वर उचलायचे, लॉक मोकळा करायचा आणि मग उतरवण्याचे पेडल हळू दाबायचे. पेडल पूर्ण दाबले तरी प्लॅटफॉर्म संथ उतरला पाहिजे. पाइप फुटला तर तेल एकदम सुटू न देणारी झडप, म्हणजे होज बर्स्ट व्हॉल्व्ह, आहे का हेही विचारावे. युरोपात वाहनांच्या लिफ्टसाठी ईएन १४९३ हे सुरक्षामानक आहे. त्याचा उल्लेख माहितीपत्रकात असेल तर प्रमाणपत्र मागावे. नुसत्या स्टिकरवर समाधान मानू नये.

आपल्या गाडीच्या मापाने निवड

४५० किलो हा सगळीकडे दिसणारा आकडा म्हणजे १,००० पौंड. अमेरिकेतल्या टूरिंग गाड्या साडेतीनशे-चारशे किलोंच्या असतात, तिथल्या ग्राहकाला तो आकडा उपयोगाचा. आपल्याकडची स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५० आणि नवी हिमालयन ४५० दोन्ही १९५ किलोंच्या आगेमागे आणि सुपर मिटिऑर ६५० सुमारे २४० किलोंची. सर्वांत जड गाडीच्या दीडपट क्षमता पुरे. म्हणजे ३०० ते ३६० किलोंची प्रामाणिक लिफ्ट आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक घराला चालते. तिच्यापेक्षा मोठा आकडा छापलेली पण पातळ पत्र्याची लिफ्ट ओझ्याखाली जास्त लचकते.

क्षमतेपेक्षा लांबीचा हिशेब महत्त्वाचा आणि तो क्वचितच कुणी करतो. मागचे चाक काढता यावे म्हणून चांगल्या लिफ्टच्या मागच्या भागात एक पत्रा उचलून काढता येतो. तो काढला की चाक खालच्या बाजूने निघते. पण हा पत्रा नेमका तुमच्या मागच्या चाकाखाली यायला हवा. पुढचे चाक व्हाइसमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाच्या पकडीत, धरले की मागचे चाक कुठे येणार हे व्हीलबेसवर, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतरावर, ठरते. स्प्लेंडरचा व्हीलबेस १,२३६ मिलिमीटर, क्लासिक ३५० चा १,३९० आणि हिमालयन ४५० चा १,५१० आहे. स्प्लेंडर आणि हिमालयन यांत २७ सेंटिमीटरांचा फरक पडला. लांब गाडी डोळ्यांसमोर ठेवून कापलेला पत्रा स्प्लेंडरच्या चाकाच्या मागेच राहतो. म्हणून पुढचा व्हाइस मागे-पुढे सरकवता येतो का हे बघावे. दुकानात जाताना मोजपट्टी न्यावी आणि व्हाइसमधल्या चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे.

व्हाइसचेही तसेच. सोळा-सतरा इंचांपासून पुढच्या चाकांसाठी बनलेला व्हाइस स्कूटरच्या चाकाला नीट धरत नाही. ॲक्टिव्हाचे पुढचे चाक १२ इंची आहे, जुन्या मॉडेलांचे १० इंची. शिवाय टायरची रुंदी ७० मिलिमीटरपासून १२० मिलिमीटरपर्यंत बदलते. घरात एक मोटरसायकल आणि एक स्कूटर असेल, आणि मराठी घरात बहुधा असतेच, तर दोन्ही चाके नेऊन धरून बघावीत. व्हाइसचे जबडे टायरला धरतात की रिमला, हेही बघावे. ॲलॉय रिमवर दाब आला तर ओरखडे उठतात, कडा वाकू शकते.

रुंदीचा प्रश्न साइड स्टँडमुळे येतो. गाडी साइड स्टँडवर असताना तो डावीकडे बराच बाहेर येतो. ५५ सेंटिमीटर रुंदीच्या प्लॅटफॉर्मवर त्याचा पाय काठावर टेकतो. ६५ ते ७० सेंटिमीटर रुंदी असेल तर बरे, किंवा बाजूला जोडायची फळी मागून घ्यावी. ही फळी पाने-गोट्या ठेवायलाही कामी येते. एकूण लांबी २१० ते २२० सेंटिमीटर असली की आपल्याकडच्या गाड्या आरामात मावतात.

उंची किती?

‘सर्वांत उंच जाणारी’ लिफ्ट सर्वांत चांगली असे नाही. स्प्लेंडरसारख्या १८ इंची चाकाचा ॲक्सल जमिनीपासून सुमारे ३१ सेंटिमीटरवर असतो. प्लॅटफॉर्म ७५ सेंटिमीटरवर नेला की ॲक्सल १०६ सेंटिमीटरवर येतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे कोपर साधारण एवढ्याच उंचीवर असते आणि जोराचे काम कोपराच्या पातळीत किंवा थोडे खाली असले की खांदे दुखत नाहीत. स्टुलावर बसून ब्रेक, चेन किंवा वायरिंग करायचे असेल तर प्लॅटफॉर्म ४० सेंटिमीटरवर पुरतो. ऑइल काढताना मात्र इंजिनाखाली बघावे लागते. तेव्हा तो पूर्ण वर घेऊन आपण खाली स्टुलावर बसावे.

उंचीबरोबर डुलणे वाढते. सिझर लिफ्ट वर जाताना तिची खालची चाके रुळावर आत सरकतात, त्यामुळे त्या बाजूला प्लॅटफॉर्मचे टोक आधाराच्या बाहेर लोंबते. पूर्ण उंचीवर असताना त्या टोकावर पाय देऊन उभे राहणे किंवा तिकडे जोर लावून ढकलणे धोक्याचे. आडव्या ओढीचाही हिशेब आहे. ११० सेंटिमीटरवर कुणी ३० किलोच्या जोराने बाजूला पाना ओढला तर तळाशी ३३ किलो-मीटरचा पलटवणारा जोर येतो. लिफ्ट आणि गाडी मिळून ३३० किलो असतील आणि पायाची रुंदी ५० सेंटिमीटर असेल तर लिफ्ट ८२ किलो-मीटरपर्यंत तग धरते. पाया ४० सेंटिमीटरचा असेल तर ती ६६ वर येते. त्यात गंजलेल्या नटावर लांब पाइप घालून दोघांनी जोर केला की उरलेली सुरक्षा संपते. म्हणून ॲक्सलचा नट, स्प्रॉकेटचा नट, फूटरेस्टचे बोल्ट असे घट्ट बसलेले सारे गाडी खाली असतानाच एक फेरा ढिले करून घ्यावेत आणि मग वर न्यावे. दुकानात बघताना पायाची रुंदी विचारा, आणि लिफ्ट पूर्ण वर नेऊन प्लॅटफॉर्म हाताने हलवून बघा. पिनांचा खुळखुळाट तेव्हाच कळतो.

जागा, फरशी आणि सोसायटी

सव्वादोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद टेबलाभोवती चारही बाजूंनी माणसाला वळता आले पाहिजे. पुढे-मागे गाडी चढवायला सरळ वाट हवी. यासाठी किमान आठ फूट रुंद आणि पंधरा फूट लांब जागा मोकळी असावी. उंचीही मोजावी. ८० सेंटिमीटरवर चढलेल्या हिमालयनची विंडस्क्रीन दोन मीटरच्या वर जाते. वर तुळई, शटरचा रोल, पंखा किंवा पाण्याचा पाइप नाही ना, हे आधी बघावे.

फरशीकडे दुर्लक्ष होते आणि तिथेच लिफ्ट फसते. टेबल आणि गाडी मिळून सव्वातीनशे किलो चार छोट्या पायांवर येतात. फरशी असमान असेल तर तिरक्या दोनच पायांवर. शहाबादी फरशी किंवा टाइलखाली पोकळी राहिली असेल तर ती तिथेच तडकते. फरशी काठीने ठोकून बघावी, पोकळ आवाज आला तर जागा बदलावी. पेव्हर ब्लॉक तर सरळ बाद, कारण ते पावसाळ्यात एकेक करून खचतात. पाणी वाहून जावे म्हणून पार्किंगला दिलेला उतारही पाणसळ लावून मोजावा. लिफ्टच्या पायांना उंची जुळवण्याचे स्क्रू असतील तर तो भरून काढता येतो. लिफ्टला हलवायची चाके असतील तर काम करताना ती जमिनीपासून सुटलेली हवीत.

स्वतःच्या बंगल्याच्या जमिनीवर काँक्रीट असेल तर अँकर बोल्टने लिफ्ट जखडणे उत्तम. इमारतीत मात्र ड्रिल लावण्याआधी थांबावे. खाली पाण्याची टाकी किंवा तळघर असू शकते. मोठ्या संकुलांच्या पोडियममध्ये ताणलेल्या पोलादी केबल असू शकतात आणि त्यांना ड्रिल लागणे गंभीर प्रकार आहे. कायद्याचीही बाजू आहे. मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले की स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे बिल्डरने स्वतंत्रपणे विकण्याचे ‘गॅरेज’ नव्हे, ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते. तेव्हा स्टिल्टमध्ये काही कायमचे बसवायचे असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि तोपर्यंत चाकांवर हलवता येणारी लिफ्टच घ्यावी. तिथे मुले खेळतात, मांजरे लिफ्टखाली शिरतात. न वापरताना ती पूर्ण खाली आणि पेडलला कुलूप, हा नियम पाळावा.

चढवणे आणि बांधणे

चढाच्या फळीची लांबी किरकोळ वाटते, पण एकट्याने काम करणाऱ्याला तीच सर्वांत जास्त जाणवते. प्लॅटफॉर्मची खालची उंची १८ सेंटिमीटर आणि फळी ६० सेंटिमीटरची असेल तर १९५ किलोच्या गाडीचे एकेक चाक चढवताना २८-३० किलोंचा जोर लागतो. फळी ९० सेंटिमीटरची केली की तोच जोर २० किलोंच्या खाली येतो. लांब फळीचा दुसरा फायदा म्हणजे बुटक्या गाडीचा संप किंवा स्टँड फळीच्या टोकाला घासत नाही. इंजिन चालू करून गाडी चढवणे हा गॅरेजवाल्यांचा खेळ आपण करू नये. गाडी बंद ठेवून, डाव्या बाजूने जमिनीवर चालत, उजवा हात पुढच्या ब्रेकवर ठेवून ढकलावी. पहिल्या काही वेळा दुसरा माणूस मागे असावा.

पुढचे चाक व्हाइसमध्ये आले की गाडी मोकळी सोडू नये. दोन रॅचेट पट्टे फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला बांधून दोन्ही बाजूंनी खाली ओढावेत. हँडलच्या टोकांना बांधले तर हँडल फिरते. फोर्क निम्म्यापर्यंत दबेल इतकाच ताण द्यावा, पूर्ण दाबून दिवसचे दिवस ठेवल्यास त्याच्या सीलवर ताण येतो. डबल स्टँड लावायचा असेल तर तो प्लॅटफॉर्म पूर्ण खाली असताना लावावा. मागचे चाक काढले की वजन पुढे सरकते, इंजिन काढले की मागे. सुटे भाग काढण्याआधी पट्टे पुन्हा तपासावेत. यासाठी प्लॅटफॉर्मला चारही कोपऱ्यांत पक्के वेल्ड केलेले हुक हवेत.

नवी, जुनी की बनवून घेतलेली?

पुण्यात भोसरी, नाशिकमध्ये सातपूर-अंबड, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर-शिरोली या पट्ट्यांत लोखंडी कामाची जाण असलेले कारखानदार आहेत. त्यांच्याकडून लिफ्ट आपल्या मापाने बनवून घेता येते आणि व्हाइस-पत्र्याचे अंतरही हवे ते मिळते. फक्त सिलिंडर आणि पंप नावाजलेल्या उत्पादकाचा हवा, सांध्यांच्या पिनांना कडकपणा दिलेला हवा आणि त्यांना ग्रीस निपल हवेत. प्लॅटफॉर्मला निदान ३ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट हवी. वेल्डिंग सलग असावे, टाके घातल्यासारखे तुटक नको. रंग लावण्याआधीच ते बघून घ्यावे.

जुनी लिफ्ट घेत असाल तर दांड्यावरचा क्रोम बघा. ओरखडा किंवा गंजाचे खड्डे असतील तर नवी सीलही टिकणार नाही. मग ओझ्यासह चाचणी घ्या, पण त्यासाठी दोघा-तिघांना प्लॅटफॉर्मवर उभे करू नका. पोती किंवा गाडी चढवून लॉक न लावता अर्धा तास थांबा आणि उंची मोजा. सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली तर सील बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. लॉकचे दात गोल झाले असतील तर व्यवहारच करू नका.

देखभाल थोडीच आहे. तेल उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. बहुतेकांना ३२ किंवा ४६ ग्रेडचे हायड्रॉलिक ऑइल चालते. ब्रेक फ्लुइड कधीही घालू नये, त्याने नायट्राइल रबराच्या सील फुगतात. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने दांड्याला गंज धरतो, म्हणून लिफ्ट खाली, म्हणजे दांडा आत असतानाच ठेवावी आणि दर पावसाळ्याआधी पिनांना ग्रीस द्यावे.

पैसे मोजके असतील तर काटकसर कुठे करायची हे आता स्पष्ट आहे. मोटर सोडा, पायाचा पंप घ्या. ४५० किलोंचा हट्ट सोडा, ३०० ते ३६० किलो पुरतात. रंग, पान्यांचे ट्रे यांवर पैसे घालू नका. पण दोन्ही बाजूंना बसणारा लॉक, आपल्या गाडीच्या मापाचा व्हाइस, रुंद पाया आणि भक्कम फरशी या चार गोष्टींत एकही कमी असेल, तर ती लिफ्ट कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. त्यापेक्षा पॅडॉक स्टँड आणि बसायला एक चांगला बुटका स्टूल कितीतरी सुरक्षित.